ऐकावे जनाचे, करावे आपल्या कानाचे

ईस्ट टामाकीत किंवा आसपास फ्लॅट बुश, डॅनेमोरा, बॉटनी येथे राहणाऱ्या कोणत्याही मराठी घरात संध्याकाळी डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. मुलगा कानात इअरफोन खुपसून अभ्यास करतो आहे. आठ तास यंत्रांच्या घरघरीत काम करून आलेले वडील मोठा हेडफोन लावून जुनी गाणी ऐकत आहेत. सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आजोबा नातवाचा इअरफोन लावून फोनवर नाटक बघत आहेत, आणि "हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात हो" अशी तक्रार करीत आवाजाचे बटण वर-वर नेत आहेत.

तिघांची अडचण दिसायला वेगळी असली तरी मुळात एकच आहे. कानावर पडणारा आवाज त्यांच्या त्यांच्या कानाला बेतलेला नाही. मग त्यावर दोन उपाय केले जातात. एक म्हणजे आवाज मोठा करणे, आणि दुसरा म्हणजे महागडा हेडफोन घेणे. पहिल्याने कान जातो, दुसऱ्याने पैसा. तिसरा उपाय बहुतेकांच्या फोनमध्ये फुकट पडून असतो, पण त्याकडे कोणी फिरकत नाही. त्याचे नाव इक्वलायझर. तो कसा वापरावा, त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे या लेखात पाहू.

एकच हेडफोन, दोन माणसे, दोन आवाज

कानाच्या बाहेरच्या तोंडापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा स्वतःचा असा एक सूर निघतो. कानाच्या या नळीलाही असाच स्वतःचा सूर असतो आणि तो साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास येतो. त्यामुळे त्या पट्टीतला आवाज पडद्यावर पोचेपर्यंत निसर्गतःच दहा डेसिबल किंवा त्याहूनही अधिक वाढतो. नळीची लांबी, रुंदी आणि बाहेरच्या पाळीचा आकार माणसागणिक वेगळा असल्याने ही वाढही प्रत्येकाची वेगळी असते.

इअरफोन घातला की नळीचे उघडे तोंड बंद होते आणि तिचा नैसर्गिक सूर बदलतो. म्हणून ही वाढ इअरफोन बनवणाऱ्याला आपल्या बाजूने घालावी लागते. ती तो सरासरी कानाच्या हिशेबाने घालतो. म्हणजे हेडफोन हा दुकानातल्या तयार शर्टासारखा आहे. कोणाला तो अगदी अंगासरशी बसतो, कोणाला खांद्यात सैल होतो, कोणाला पोटावर घट्ट. शर्ट नीट बसला नाही म्हणून आपण लगेच चौपट किमतीचा दुसरा शर्ट आणत नाही, शिंप्याकडे देऊन चार टाके घालून घेतो. इक्वलायझर हा आवाजाचा शिंपी आहे.

फरकाची आणखी तीन कारणे आहेत. पहिले कारण वय. वाढत्या वयाबरोबर आतल्या कानातील बारीक केसपेशी कमी होत जातात आणि आधी उंच सूर ऐकू येईनासे होतात. दुसरे कारण गोंगाट. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या श्रवणचाचणीत ३००० ते ६००० हर्ट्झच्या दरम्यान, विशेषतः ४००० हर्ट्झपाशी, एक खड्डा दिसतो. तिसरे कारण सवय. पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली गीतरामायण सुरू झाले तेव्हा ते मध्यम लहरींच्या रेडिओवर घरोघर ऐकले गेले. त्या रेडिओतून सुमारे पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर पडतच नसे. ज्यांचा कान तशा मऊ आवाजावर घडला, त्यांना आजचा चकचकीत आवाज टोचतो. यात चूक कोणाचीच नाही.

इक्वलायझर म्हणजे काय

नाव मोठे वाटते, पण कल्पना जुनी आणि साधी आहे. लांब अंतराच्या टेलिफोनच्या तारांमधून जाताना आवाजातील उंच सूर खालच्या सुरांपेक्षा जास्त क्षीण होत. ते पलीकडच्या टोकाला पुन्हा उचलून सगळे सूर सारखे करणारी मंडळे तारेला जोडत. सारखे करणारा तो इक्वलायझर. पुढे हेच साधन सिनेमाच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत गेले. १९७२ साली जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी पॅरामेट्रिक इक्वलायझरवर निबंध वाचला. त्यात कोणता सूर, किती उचलायचा आणि आजूबाजूचे किती सूर बरोबर घ्यायचे, ही तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठरवता येतात. आपल्यापैकी अनेकांची इक्वलायझरशी पहिली भेट झाली ती भारतातल्या घरच्या टू-इन-वनवर. दर्शनी बाजूला पाच सरकत्या पट्ट्या असायच्या, आणि घरातला सर्वात धाकटा मुलगा त्या सगळ्या वर ढकलून मोकळा व्हायचा.

आता त्या पट्ट्या फोनच्या पडद्यावर आल्या आहेत. बहुधा दहा असतात आणि त्यांवर आकडे असतात : ३१, ६२, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० आणि १६०००. हे आकडे हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपने ते सांगणारे.

पेटी वाजवणाऱ्यांना हे चटकन समजेल. प्रत्येक आकडा आधीच्या दुप्पट आहे, आणि कंपने दुप्पट झाली की आपण एक सप्तक वर जातो. म्हणजे प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या बरोबर एक सप्तक वर आहे. आणखी एक गंमत अशी की पेटीवरची पांढरी सात एका सप्तकात सुमारे २४७ हर्ट्झवर येते, पुढच्यात ४९४ वर, त्यापुढच्यात ९८८ वर. म्हणजे दहाही पट्ट्या जवळजवळ पांढरी सातवरच बसलेल्या आहेत, फक्त सप्तके वेगळी. पट्टी वर सरकवली म्हणजे त्या सप्तकाच्या आसपासचा सगळा भाग मोठा झाला, खाली आणली म्हणजे लहान झाला.

पट्टी किती सरकवली ते डेसिबलमध्ये मोजतात. तीन डेसिबल वाढवणे म्हणजे शक्ती दुप्पट करणे. कानाला मात्र आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. म्हणून दोन-तीन डेसिबलचा फरक हलका, पण जाणवणारा असतो आणि बहुतेक कामे त्यातच होतात.

कोणत्या पट्टीत काय राहते

३१ आणि ६२ : अगदी खालचा घुमारा. डग्ग्याच्या घुमकीचा तळ आणि आजच्या सिनेसंगीतातला ढोलाचा धक्का येथे असतो. बोलण्यात येथे काही नसते, फक्त बसची घरघर असते.

१२५ : पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर, डग्ग्याचा भरदारपणा.

२५० : बायकांच्या आवाजाचा मूळ सूर याच्या आसपास. ही पट्टी फार वर असेल तर आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो.

५०० आणि १००० : स्वरांचे, म्हणजे अ, आ, ओ यांचे अंग. पेटीचा आणि सारंगीचा गाभा.

२००० आणि ४००० : बोलण्याचा स्पष्टपणा, व्यंजनांची धार. 'काय' आणि 'गाय', 'पाट' आणि 'पाठ' यांतला फरक बराचसा येथे ऐकू येतो. तबल्याच्या चाटीचा टणत्कारही इथलाच. कान येथेच सर्वात तीक्ष्ण असतो, म्हणून ही पट्टी जरा जास्त झाली की आवाज कर्कश वाटतो.

८००० : 'स'ची शिट्टी, टाळांची किणकिण, तानपुऱ्याच्या जवारीची झळाळी.

१६००० : हवेसारखी झुळूक. पन्नाशीनंतर बहुतेकांना येथले फारसे काही ऐकू येत नाही. म्हणून ही पट्टी वर-खाली करूनही फरक कळला नाही, तर फोन बिघडला असे समजू नये.

मराठीपुरती एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे दोन 'च' आहेत. 'चहा'तला एक आणि 'चमचा'तला दुसरा. दुसऱ्या 'च'मध्ये 'स'सारखी शिट्टी मिसळलेली असते आणि ती पहिल्यापेक्षा वरच्या सप्तकात बसते. उंच सूर गमावलेल्या माणसाला हा फरक आधी धूसर होतो, मग 'स' आणि 'फ' यांची गफलत होऊ लागते. जुन्या ट्रंक कॉलवर "सदाशिवमधला स" असे ओरडून सांगावे लागे, त्याचे कारण हेच होते. टेलिफोन ३४०० हर्ट्झच्या वरचे काही पोचवतच नसे. आजोबांची "तोंडातल्या तोंडात बोलतात" ही तक्रार पुष्कळदा नटाविषयी नसून ४००० हर्ट्झविषयी असते.

आधी बसवा, मग सरकवा

पट्ट्यांना हात लावण्यापूर्वी इअरफोन कानात नीट बसला आहे का ते पाहावे. रबरी टोपी कानाच्या मापाची नसेल, तर फटीतून खालचे सूर निसटून जातात आणि आवाज पत्र्यासारखा येतो. मग आपण बेस वाढवत बसतो आणि तो वाया जातो. डब्यात तीन मापांच्या टोप्या येतात त्या फेकू नयेत. तिन्ही लावून पाहाव्यात. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळे माप लागणे अगदी नेहमीचे आहे. मोठ्या हेडफोनमध्ये चष्म्याच्या काडीमुळे अशीच फट पडते. जाळीवर मळ साचला असेल तर कोरड्या मऊ ब्रशने हलकेच काढावा. कानातला मळ मात्र काडीने कोरू नये. डॉक्टर किंवा नर्सकडून काढून घ्यावा. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात आणि खर्च शून्य.

पट्ट्या कशा लावाव्यात

एक : सगळ्या पट्ट्या शून्यावर आणाव्यात. ज्याचा शब्दन् शब्द आणि मात्रा पाठ आहे असे एखादे गाणे निवडावे. त्यात गळा, तबला आणि तानपुरा तिन्ही असले तर उत्तम. नाटकासाठी जुळवायचे असेल तर बोलणे निवडावे.

दोन : आवाज नेहमी ठेवता त्याहून थोडा लहान ठेवावा.

तीन : काय खटकते ते आधी साध्या शब्दांत स्वतःला सांगावे. घुमते, टोचते, दबलेले वाटते, शिट्टी वाजते. मग वरच्या यादीतून ती पट्टी शोधावी. एका वेळी एकच पट्टी हलवावी. पट्टी सापडेना तर एकेक पट्टी क्षणभर सहा डेसिबल वर नेऊन पाहावी. जिथे त्रास दुप्पट होतो ती गुन्हेगार. तिला शून्याच्या खाली दोन-तीन डेसिबल आणून ठेवावी.

चार : वाढवण्यापेक्षा कमी करावे. हा सर्वात महत्त्वाचा नियम आहे. फोनमधील आकड्यांना वरची मर्यादा असते. पट्टी वर नेल्याने आवाज त्या मर्यादेच्या पुढे गेला तर लाटेचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. बोलणे दबलेले वाटत असेल तर ४००० वाढवण्याऐवजी १२५ आणि २५० कमी करून पाहावे, परिणाम बराचसा तोच येतो. वाढवायचेच असेल आणि ॲपमध्ये 'प्रीॲम्प' नावाची पट्टी असेल, तर सर्वात उंच पट्टी जितकी वर नेली तितकीच ती खाली आणावी. ४००० हर्ट्झ पाच डेसिबल वर असेल तर प्रीॲम्प पाच डेसिबल खाली.

पाच : इक्वलायझर बंद-चालू करून तुलना करावी, पण दोन्ही वेळचा आवाज सारख्या उंचीचा ठेवून. मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो आणि त्यात फसगत होते.

सहा : दोन दिवस तसेच ऐकावे आणि मग ठरवावे. कानाला नव्या आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या पाच मिनिटांचा निर्णय बहुधा चुकतो.

तीन नमुने सुरुवातीसाठी देतो. हे औषधाचे डोस नाहीत, शिंप्याने खडूने मारलेल्या खुणा आहेत. नाटक व बातम्यांसाठी, ज्येष्ठांना : ६२ आणि १२५ चार खाली, २५० दोन खाली, २००० दोन वर, ४००० चार वर, ८००० दोन वर, प्रीॲम्प चार खाली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील नाट्यगीतांसाठी : ८००० सहा खाली, १६००० शक्य तितके खाली, कारण त्या भागात गाणे जवळजवळ नसतेच, फक्त खरखर असते. शास्त्रीय मैफलीसाठी : सगळे शून्यावर ठेवावे, घुमत असेल तर २५० दोन खाली, 'स' टोचत असेल तर ८००० दोन-तीन खाली. मुलाने आधीच ३१ आणि १६००० आकाशाला भिडवून ठेवले असतील, तर मैफल ऐकण्यापूर्वी ते शून्यावर आणायला विसरू नये.

फोनमध्ये कुठे सापडेल

सॅमसंगच्या फोनमध्ये सेटिंग्ज, साउंड्स अँड व्हायब्रेशन, आणि तेथे साउंड क्वालिटी अँड इफेक्ट्स येथे इक्वलायझर आहे. त्याच ठिकाणी 'अडॅप्ट साउंड' आहे. त्यात ३० वर्षांखालील, ३० ते ६० आणि ६० वर्षांवरील असे तयार पर्याय मिळतात, शिवाय दोन्ही कानांची छोटी चाचणी घेऊन तो जुळवणीही करतो. आईवडिलांच्या फोनवर हे एवढे जरी करून दिले तरी बराच फरक पडतो.

आयफोनमध्ये ॲपल म्युझिकपुरता इक्वलायझर सेटिंग्जमध्ये म्युझिकच्या खाली आहे. त्याहून उपयोगी गोष्ट ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ अँड व्हिज्युअल, हेडफोन अकोमोडेशन्स येथे आहे. ती २०२० साली आली, आणि ॲपल व बीट्सच्या ठरावीक हेडफोनांवर चालते. श्रवणतज्ज्ञाने दिलेला ऑडिओग्राम तेथे भरता येतो आणि त्यानुसार गाणी, चित्रफिती व फोनवरचे बोलणे जुळवले जाते.

सोनी, बोस, सेनहायझर यांच्या ब्लूटूथ हेडफोनांना त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये पट्ट्या असतात. विंडोजच्या संगणकावर 'इक्वलायझर एपीओ' आणि अँड्रॉइडवर 'वेव्हलेट' ही साधने मोफत वापरता येतात. आपल्या हेडफोनचे मोजमाप कोणी आधीच केले असेल, तर त्यावरून काढलेली तयार जुळवणी 'ऑटोइक्यू' नावाच्या मुक्त संग्रहात मिळते. ती हेडफोनचा दोष सुधारते. आपल्या कानाचा हिशेब त्यावर आपण दोन-तीन डेसिबलने करायचा.

एका कानाने कमी ऐकू येत असेल तर ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' चालू करावा. जुन्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत कधी कधी गळा एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला असतात. मोनोने दोन्ही एका कानात येतात.

आवाज मोठा नको, नीट हवा

आता आरोग्याकडे वळू. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान केला की कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगाने कमी वाटू लागतात. म्हणूनच लहान आवाजात गाणे फिके लागते आणि हात आपोआप बटणाकडे जातो. येथे इक्वलायझर खरा उपयोगी पडतो. ६२ आणि १२५ तीन-चार डेसिबल वर नेऊन एकूण आवाज लहानच ठेवला, तर गाणे भरदार लागते आणि कानावरचा भार वाढत नाही. बसमध्ये मात्र बेस वाढवू नये. तेथे नीट बसणारी टोपी किंवा गोंगाट कमी करणारा हेडफोन वापरून आवाज लहान ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१९ साली दिलेला हिशेब लक्षात ठेवावा. प्रौढांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, मुलांना ७५ डेसिबल ४० तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, आणि ९० डेसिबलला आठवड्याला फक्त चार तास. इक्वलायझरने वाढवलेला आवाजही या हिशेबात धरला जातो. आयफोनमध्ये साउंड्स अँड हॅप्टिक्सच्या खाली 'हेडफोन सेफ्टी'त आणि सॅमसंगमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट'मध्ये कमाल मर्यादा लावता येते. मुलांच्या फोनवर ती आजच लावावी.

इक्वलायझर हे श्रवणयंत्र नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. इक्वलायझर हळू आणि मोठा दोन्ही आवाज सारखेच वाढवतो. केसपेशी गमावलेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी त्याहूनही जास्त टोचतो. श्रवणयंत्र हळू आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवते, आणि तेही तपासणीनंतर मापून. म्हणून ४००० हर्ट्झची पट्टी सहा-सात डेसिबल वर नेऊनही बोलणे कळत नसेल, दोन कानांत फरक वाटत असेल, कानात सतत गुणगुण असेल किंवा घरचे टीव्हीच्या आवाजाची तक्रार करीत असतील, तर पट्ट्या सोडून श्रवणतज्ज्ञाकडे जावे. आणि एका कानाने अचानक, तासा-दोन तासांत किंवा एका रात्रीत ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब आहे. "सर्दीने कान बसला असेल" म्हणून आठवडा घालवू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सुरुवातीच्या दिवसांतच औषधाचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. कोणाला विचारावे ते सुचेना तर हेल्थलाइनचा मोफत क्रमांक ०८०० ६११ ११६ आहे.

ईस्ट टामाकीतील नोकरी आणि कान

आपला भाग हा ऑकलंडमधील मोठ्या औद्योगिक भागांपैकी एक. हायब्रूकपासून स्प्रिंग्ज रोड आणि हॅरिस रोडपर्यंत कारखाने, गोदामे आणि कार्यशाळा पसरल्या आहेत, आणि आपली अनेक माणसे तेथे पाळीने काम करतात. न्यूझीलंडच्या नियमांनुसार कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीने ८५ डेसिबल ही मर्यादा आहे. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, असा तोच निम्मा-निम्मा हिशेब येथेही चालतो. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज मर्यादेच्या आसपास किंवा वर आहे असे समजावे.

येथे दोन चुका होतात. पहिली, कानरक्षकांच्या आत इअरफोन घालून गाणी ऐकणे. त्याने गोंगाटाच्या भारावर गाण्याचा भार पडतो. दुसरी, पाळी संपल्यावर कान बधिर झालेला असताना गाडीत किंवा घरी जुळवणी करत बसणे. थकलेल्या कानाने लावलेल्या पट्ट्या नेहमी जास्त वर जातात. सुटीच्या दिवशी, सकाळी, शांत घरात जुळवणी करावी.

कामावरच्या गोंगाटाने कान गेला असेल तर एसीसीकडे दावा करता येतो. त्यासाठी किमान पाच टक्के श्रवणहानी लागते, आणि ती गोंगाटामुळे झालेली असावी लागते. वयामुळे झालेली हानी त्यात धरत नाहीत. त्यामुळे कागद महत्त्वाचे ठरतात. नोकरीला लागताना आणि नंतर झालेल्या प्रत्येक श्रवणचाचणीची प्रत मागून घ्यावी, कुठे कोणत्या यंत्रावर किती वर्षे काम केले ते लिहून ठेवावे. पंधरा वर्षांनी कंपनी बदललेली असते, साहेब गेलेला असतो, आणि उरतो तो आपल्या कपाटातला कागदच. सुरुवात डॉक्टरांकडून करावी.

खिशाचा हिशेब

जेरोन ब्रीबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. हेडफोनच्या सुरांचा आलेख आणि त्याची किंमत यांचा काही संबंध नाही, असा निष्कर्ष निघाला. जास्त पैशात चांगली बांधणी, मऊ गाद्या, गोंगाट कमी करण्याची सोय आणि नाव मिळते. त्यांची गरज असेल तर पैसे जरूर द्यावेत. पण सूर आपल्या कानाला बेतलेले मिळतीलच असे नाही.

हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक वर्षे माणसांना हेडफोन ऐकवून त्यांची पसंती नोंदवली. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज बहुतेकांना आवडला. मात्र काहींना त्याहून बेस जास्त हवा होता आणि काहींना कमी. कमी बेस हवा असणाऱ्यांत पन्नाशीपुढचे श्रोते अधिक होते. म्हणजे घरातल्या दोन पिढ्यांचे भांडण प्रयोगशाळेतही दिसले. त्यासाठी दोन हेडफोन लागत नाहीत, एकाच हेडफोनवर दोन जुळवण्या जपून ठेवल्या की झाले.

कान आपोआप मोजून स्वतःला जुळवून घेणारे हेडफोनही निघाले आहेत. आतला कान स्वतः अतिशय क्षीण ध्वनी परत पाठवतो, हे डेव्हिड केंप यांनी १९७८ साली शोधले. त्याचाच आधार घेऊन मेलबर्नच्या नुरा कंपनीने असा हेडफोन बनवला. पुढे २०२३ साली ती मासिमोकडे गेली. सोय छान आहे, पण आधी फुकटची पट्टी वापरून पाहावी आणि मगच खिशात हात घालावा.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. न्यूझीलंडच्या १९९३ च्या कंझ्युमर गॅरंटीज कायद्यानुसार सदोष माल दुरुस्त करून, बदलून किंवा पैसे परत मिळवून घेण्याचा आपला हक्क आहे. त्यासाठी जादा वॉरंटी विकत घ्यावीच लागते असे नाही. मात्र "आवाज आवडला नाही" हा दोष नव्हे, त्यावर परतीचा हक्क मिळत नाही. म्हणून दुकानात आपले गाणे, आपला फोन आणि आपली जुळवणी घेऊन जावे आणि ऐकूनच घ्यावे. भारतातून मागवलेल्या वस्तूची वॉरंटी येथे चालते का, ते आधी विचारावे.

आणि समजा चारशे डॉलरचा हेडफोन बाबांसाठी घ्यायचा विचार आहे. त्याऐवजी शंभर डॉलरचा घ्यावा, जुळवणी करून द्यावी, आणि उरलेल्या पैशांतून त्यांची श्रवणचाचणी करून घ्यावी. श्रवणयंत्र लागलेच तर येथील पात्र रहिवाशांना एका यंत्रामागे ५११ डॉलर ११ सेंटचे सरकारी अनुदान सहा वर्षांतून एकदा मिळू शकते. मुलांसाठी आणि काही विशेष परिस्थितीतील प्रौढांसाठी वेगळी योजना आहे. आपण कशात बसतो ते श्रवणतज्ज्ञालाच विचारावे, अर्जही त्यांच्यामार्फतच जातो. भेटीसाठी आलेल्या आईवडिलांना हे अनुदान लागू नसते, म्हणून त्यांची चाचणी आणि यंत्र यांचा विचार भारतात असतानाच केलेला बरा.

या शनिवारी सकाळी अर्धा तास काढा. आईचा किंवा बाबांचा फोन घ्या, टोप्या बदलून पाहा, त्यांचे आवडते गाणे लावा, आणि पट्टी हलवताना "आता कसे वाटते?" असे त्यांनाच विचारा. त्या अर्ध्या तासात गाणे सुधारेलच. पण एवढे करूनही "नाही रे, शब्द कळत नाहीत" असे उत्तर आले, तर तेही मोलाचे आहे. आजपर्यंत जे आवाजाच्या बटणामागे लपले होते ते वेळेवर कळले. मग पुढचा फोन श्रवणतज्ज्ञाला करा.